शेअरला खाज सुटत नाही

“विकाचं कायले मॅडम? भाव येईन ना.”

रुपेश हे इतक्या शांतपणे म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. लॅबच्या पडद्यावर त्याचा शेअर दिसत होता. शंभराला घेतलेला, आता सत्तरवर. पैसे खोटे, भाव मात्र खरे. याला मॉक ट्रेडिंग म्हणतात. यात बुडालं तर मार्क जातात, घर जात नाही.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी एम.कॉम.ला अप्लाइड फायनान्स शिकवते. म्हणजे पुस्तकातलं पैशाचं शास्त्र बाजारात लावून बघायचं. त्यातला पहिला धडा स्टॉपलॉस. शेअर घेतानाच ठरवायचं, की अमुक भावाला आला की विकून मोकळं व्हायचं. वर्गातल्या सगळ्यांनी माना डोलावून नव्वद लिहिलं होतं. नव्वद आलं, ऐंशी आलं, विकलं कुणीच नाही.

पोरं मठ्ठ नव्हती. गणितं फटाफट सोडवायची. पण राळेगाव, ढाणकीकडची ही पोरं, घरात कापूस भरून भावाची वाट बघणं त्यांच्या हाडात मुरलेलं. बैठकीत आढ्यापर्यंत कापूस आणि पाहुण्याला अंगणात खाट. संक्रांतीनंतर भाव येईल, नाहीतर होळीच्या आधी तरी येईलच. अशा घरातल्या पोराला ‘पडलं की विक’ सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण महिन्याभरात नागपूरची एक कंपनी येणार होती. मुलांचं ट्रेडिंग बघून एकाला इंटर्नशिप देणार होती. प्राचार्य सरांनी मला बोलावून घेतलं.

“मॅडम, मागच्या वर्षी कोणी लागलं नाही. यंदाही नाही लागलं, तर हा विषय बंद. तुम्ही ऑडिटिंग घ्या.”

ऑडिटिंगबद्दल मला आदर आहे, पण तो लांबून. हा विषय मी भांडून सुरू केला होता.

पुढचे दिवस मी तक्ते काढले, चिडले, ओरडलेही. रुपेशचं एकच पालुपद, भाव येईन. मग एके दिवशी तो दोन्ही हात खाजवतच वर्गात आला.

“काय रे, काय झालं?”

“कापसाची खाज मॅडम. ऊन तापलं ना. साऱ्या घराले सुटली.”

घरात फार दिवस कापूस राहिला की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“मग आता?”

“आता काय? मायनं गाडी सांगतली. उद्या नेऊन राह्यलो मार्केटात.”

“भाव आला का?”

“नाही ना.”

“मग विकता कायले?”

वर्ग खो खो हसला. रुपेश हसला नाही. हात खाजवायचा थांबला, पडद्याकडे बघत राहिला आणि माउस ओढून त्यानं तो शेअर विकून टाकला. तेव्हा तो अडुसष्टवर होता. त्यानंतर जे घेतलं, त्यातलं पडलेलं त्यानं ठरल्या भावाला काढलं. बाकीच्यांपैकी काहींनी त्याचं बघून सुरुवात केली, काही तसेच भावाच्या भरवशावर बसले.

कंपनीकडून एक बाई आल्या. रिस्क विभागाच्या प्रमुख, बोलणं मोजकं. प्राचार्य सर आणि मी मागे बसलो. बाईंनी रुपेशचे व्यवहार उघडले.

“शंभरचा शेअर इतके दिवस धरलात. मग अचानक अडुसष्टला विकलात. काही बातमी होती का?”

“नाही मॅडम. खाज सुटली होती.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मला माझ्या टेबलावर ऑडिटिंगचं पुस्तक दिसू लागलं.

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

रुपेश आधी जपून बोलत होता, मग घसरला आपल्या बोलीत. “आमच्या घरी कापूस राहते मॅडम. भाव येईन म्हनून ठेवतो. पन विकाचा कधी, हे भाव सांगतच नाही. खाज सांगते. लेकरं खाजवाले लागले का माय काही आयकत नाही, गाडी सांगते. आता शेअरले काही खाज सुटत नाही. म्हनून मानूस धरूनच बसते. म्हनून घेतानीच खाज लिहून ठेवा लागते.”

बाई पहिल्यांदाच हसल्या. “स्टॉपलॉस मी आजवर बऱ्याच जणांना समजावला,” त्या म्हणाल्या, “मला कुणी समजावला नव्हता.” इंटर्नशिप रुपेशला मिळाली. मला इतका आनंद झाला की मी कँटीनमध्ये सगळ्या वर्गाला समोसे चारले.

विषय चालू राहिला. रुपेश नागपूरहून फोन करतो. त्याच्या ऑफिसात आता स्टॉपलॉस कुणी म्हणत नाही, “खाज किती ठेवली?” असं विचारतात.

परवा प्राचार्य सरांनी मला पुन्हा बोलावलं. दार लावून घेतलं.

“मॅडम, माझ्याकडे एक जुना शेअर आहे. दोनशेचा घेतला होता, आता अकरावर आहे. काय करू?”

“सर, तुम्ही तर सगळं ऐकलंत त्या दिवशी. विका.”

सरांनी मोबाइल काढून भाव पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाले, “थांबतो थोडं. भाव येईल.”

स्टॉपलॉस शिकवता येतो. खाज मात्र ज्याची त्यालाच सुटावी लागते.