गाडीखालची शिकवणी

आमची मोटार विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. बदलापुरात तेव्हा मोटार दिसली की पोरं मागे धावायची. ती आमच्या दारात येऊन उभी राहिली, त्या दिवशी शेजारणींनी आधी गाडीला ओवाळलं आणि मग मला विचारलं, काय गं, आता तू आमच्याशी बोलशील ना? माझे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. हाताखाली माणसं होती, पण गाडीच्या इंजिनाचं तेल दुसऱ्या कोणी बदललेलं त्यांना खपत नसे. रविवारी सकाळी अंगणात रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे दोन तुकडे मांडायचे, त्यांवर पुढची चाकं चढवायची आणि डांगरी घालून स्वारी गाडीखाली. मी ओट्यावर भाजी निवडत बसायची आणि बाहेर राहिलेल्या त्यांच्या पायांशी गप्पा मारायची. कंटाळा आला की पाय हलायचे, म्हणजे आता पुरे कर.

त्या घरात मी सुखी होते. मूलबाळ नव्हतं, त्याचं दुःखही दोघांत वाटून घेतलं होतं.

मग ह्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. लहानपणीच्या कसल्याशा तापानं हृदयाची झडप खराब झाली होती म्हणे. कल्याणच्या डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, वाकणं नको, ओझं नको, धावपळ नको, आणि जेवढे दिवस हातात आहेत तेवढे आनंदात घालवा. मी तोंडावर हसू आणून बाहेर आले. माझं हसू ह्यांना कधीच फसवू शकलं नाही. घरी येताना म्हणाले, "अगं, आता गाडी तुला शिकायला हवी."

चालवायला मी शिकले. मांजर्लीच्या कच्च्या रस्त्यावर नदीच्या बाजूला जाऊन शिकले, दोन कुंपणं पाडली, एका म्हशीनं मला रस्ता दिला नाही म्हणून तिच्याशी भांडलेसुद्धा. पण ह्यांचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. गाडीचं पोटही कळायला हवं. त्यांना धास्ती होती ती माझ्या दिरांची. माणसं वाईट नव्हती, पण मी एकटी पडले तर मला कोकणात नेतील आणि चुलीपुढे बसवतील, हे उघड होतं. "शाळेत तुला नोकरी मिळेल. घर आपलं आहे. गाडी आहे. कोणाच्या तोंडाकडे बघत बसायला नको तुला," असं ते म्हणायचे, आणि मी उठून दूध बघायला जायची.

पहिली शिकवणी एका रविवारी झाली. त्यांची डांगरी मी घातली, पाय चांगले चार बोटं दुमडून. ते ओट्यावर वेताच्या खुर्चीत. आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, गार तेल घट्ट असतं, नीट उतरत नाही. मग खाली घमेलं सरकवायचं, पान्ह्यानं इंजिनाच्या तळाचं बूच सैल करायचं आणि शेवटचे आटे हातानं, पटकन हात मागे घेत. तेल निथळेपर्यंत बाजूचं लोखंडी भांडं उघडायचं, त्यातला जुना फिल्टर काढून नवा बसवायचा. भांड्याच्या तोंडाशी एक रिंग असते, ती जुनी चिकटून राहिली आणि वर नवी बसली की तेल गळलंच म्हणून समजा. मला स्वयंपाक येतो, शिवण येतं, ह्यांच्यासारख्या माणसाचा स्वभाव सांभाळता येतो. एका बुचाचं काय एवढं? त्या एका सकाळीच मला सगळं समजलं.

"छान," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला तू एकटी कर. मी इथं बसायचीसुद्धा गरज नाही."

 हा माणूस आवराआवर करत होता. कपाटं लावावीत तसा मला लावून ठेवत होता, आणि माझा कप्पा लागला की निघणार होता.

पुढच्या खेपेला मी जुनी रिंग तशीच ठेवली. गाडी चालू केल्याबरोबर तेलाची धार लागली. "अगं बाई, अगं बाई! कितीदा सांगितलं तुला!" ते खुर्चीतून ओरडले, आणि त्या संतापानं कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर थोडा रंग आला. इंजिन बंद करून मी परत गाडीखाली शिरले आणि तिथं पडल्यापडल्या ठरवलं, हे आपल्याला कधीच येता कामा नये.

मग मी चुकत गेले. कधी बूच उलट्या बाजूला पिळलं, कधी त्याचा तांब्याचा वायसर हरवला. तेही मला दर महिन्याला गाडीखाली घालू लागले. सामान मी उल्हासनगरला कॅम्प दोनमधून आणायची. तिथं एक सिंधी दुकानदार होता, फळ्यांवर गाड्यांचं सामान मांडून बसायचा. एकदा मला म्हणाला, "अदी, मेरी बहन, गाडी तो एक है, रिंगा इतनी काय करते? हाथ में पहनती है क्या?" मी म्हटलं, "हो, आमच्यात पद्धत आहे." तो बराच वेळ हसला.

निघालेलं तेल मांजर्लीचा एक म्हातारा शेतकरी न्यायचा. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून लागायचं त्याला. एकदा त्यानं घमेल्यात बोट बुडवलं, उन्हात धरलं आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "बाय, ह्यो त्याल त नवाच हाय. वतून कशापाय देता?"

मी घमेल्यात बघितलं. तोवर कधी नीट बघितलंच नव्हतं, माझं सगळं लक्ष चुका करण्यात. तेल मधासारखं पिवळं होतं. खरंच, आम्ही गाडी काढत होतो ती किती? बाजारापर्यंत, फार तर उल्हासनगरपर्यंत. तेल खराब व्हायला वेळच मिळत नव्हता. काटकसरीचा हा माणूस, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारा, चांगलं तेल ओतून देत होता, का तर मला आणखी एक शिकवणी मिळावी. मी दिवस लांबवत होते आणि ते उरकत होते. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलले. राग त्यांचा नव्हता, पण समोर तेच होते.

पुढच्या महिन्यात मी गाडीखालून ओरडले, "बूच हलतच नाही हो!" ते हलत होतं. मला वाटलं, नेहमीसारखे ओरडतील.  वळून बघते तो ते गुडघ्यांवर टेकलेले, एका हातानं मडगार्ड धरून आत सरकत होते. "सर बाजूला," म्हणाले, आणि पुढचा शब्द निघेना. त्यांचा श्वास अगदी माझ्या कानाशी होता. फुटक्या भात्यासारखा आवाज येत होता.

मी त्यांना बाहेर ओढलं. किती हलके झाले होते! खुर्चीत बसवलं, पाठीला उशी लावली, ओठांना पाणी लावलं. श्वास जागेवर आल्यावर मी परत गाडीखाली गेले. बूच काढलं, तेल निथळू दिलं, फिल्टर बदलला, जुनी रिंग काढून तोंड फडक्यानं पुसलं, नवी बसवली, वायसर घातला, बूच आवळलं, वरून तेल ओतलं, पट्टी काढून माप बघितलं. इंजिन चालू केलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. कागद कोरडा राहिला.

ते सगळं बघत होते. मी हात पुसत ओट्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "कधीपासून येतंय?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. नुसते माझ्या काळ्या हातांकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, आणि माझे तर कधीचेच वाहत होते. मग डांगरीच्या बाहीला धरून त्यांनी मला जवळ बसवलं आणि मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "तरी अजून कच्चंच आहे तुझं. पान्हा धरायला येत नाही. पुढच्या महिन्यात परत दाखवीन."

"हो," मी म्हटलं. "मला अजून काहीच येत नाही."

तो पुढचा महिना आम्हाला मिळाला. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, अगदी हळूहळू, आणि मी पहिल्यापासून सगळं विचारलं.

त्यानंतरच्या खेपेला मी एकटी होते. दीर न्यायला येऊन परत गेले होते. मी स्लीपर मांडले, गाडी चढवली, खाली गेले. कुठेच चुकले नाही. सगळं संपलं तरी मला बाहेर यावंसं वाटेना, म्हणून मी तिथंच पडून राहिले आणि मोठ्यानं रडले.