सडकेवर नव्हे, नदीत

सोनगीरच्या पुढे महामार्गाच्या कडेला सापडलेला तो माणूस निवृत्तीनंतरही माझ्या मनातून जात नाही. मी तेव्हा त्या भागात पोलीस निरीक्षक होतो. सकाळी एक तरुण धापा टाकत ठाण्यात आला. त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला अज्ञात वाहनाने उडवले होते. आम्ही जागेवर जाऊन पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवले. तरुणाने जबाब दिला की दाजी तापीकाठच्या गावातून कामासाठी धुळ्याकडे निघाले होते.

पंचनामा करतानाच मला खटकले होते. रस्त्यावर रक्त नव्हते, काचेचा तुकडा नव्हता, अंगावर फरफटल्याची खूण नव्हती. दुपारी डॉक्टरांचा फोन आला.

"छाती दबलीय, पण हा गाडीचा मार नाही. श्वासनलिकेत रेती आहे. माणूस गुदमरून गेलाय."

थोड्याच वेळात ठाण्याचा फोन पुन्हा वाजला. अंमलदाराने रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडे बाईचा आवाज होता.

"तो सडकवर नही मरना, साहेब. नदीमा मरना. आजून बी तठे लोके खंदतस."

नाव विचारेपर्यंत फोन बंद झाला.

तापीची रेती म्हणजे काय, हे त्या भागात नोकरी केल्याशिवाय कळत नाही. रेती उपसण्यासाठी नदीच्या घाटाचा लिलाव झाला की ठेकेदार येई, मजुरांची हजेरी लागे, गावाला उघडपणे काम मिळे. मग परवानगी अडकली म्हणून लिलाव बंद होई. बांधकामे मात्र बंद होत नसत. नरडाण्याला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, गावोगावी सरकारी घरकुले मंजूर होत होती, आणि त्या सगळ्यांना रेती लागत होती. मग कालपर्यंत जो मजूर होता तोच त्याच नदीत, त्याच फावड्याने चोर ठरे. कापूस वेचणी संपली की त्या गावांत दुसरे काम नव्हते. ट्रॅक्टर पकडायचे काम आमच्याकडे होते आणि आम्ही ते करत होतो.

तरुणाला मी पुन्हा बोलावले. तो कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. मी आवाज चढवला नाही. समोर चहा ठेवला. खोटे बोलणारा सराईत माणूस चहा निवांत पितो. याने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. हाताची नखे मुळापासून सोलवटली होती.

"नखांना काय झालं?" मी विचारले.

तो टेबलावर डोके ठेवून रडू लागला.

"दरड पडनी, साहेब. दाजी खाले व्हते. मी हातवरी उकरीसन काढं त्यास्ले. पन जीव नही व्हता."

काठाखालून रेती उपसत गेल्यामुळे वर मातीची कपार लोंबकळत राहिली होती. पहाटे तिचाच एक भाग कोसळला. ट्रॅक्टरमालक आला, त्याने प्रेत पाहिले आणि म्हणाला, "नदीत मेला सांगितलं तर तुम्ही सगळे चोर. बहिणीच्या हातात काहीच पडणार नाही. रस्त्यावर मेला तर सरकार तरी भरपाई देईल." तरुणाने मालकाच्याच ट्रॉलीतून प्रेत महामार्गावर आणले, अंगावरची रेती आपल्या शर्टाने पुसली आणि मग ठाण्यात आला.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याला घेऊन आम्ही नदीत उतरलो. त्याच कपारीखाली बायका-पुरुष खोदत होते. मालकाने एक दिवसही काम थांबवले नव्हते. आम्हाला पाहून लोक पळाले. एक म्हातारा तेवढा पाटी घेऊन उभा राहिला.

"आबा, वर या, हे पडेल," मी ओरडलो.

"पडी ते पडी," तो म्हणाला. "घर बसीसन काय खाऊ?"

शिपायांनी त्याला हाताला धरून वर आणले. मग सोबत आणलेल्या जेसीबीने कपारीला नुसता धक्का दिला. सगळा काठ एकदम खाली बसला आणि धुळीने आम्हाला एकमेकांची तोंडे दिसेनात. धूळ विरली तेव्हा म्हातारा माझ्या शेजारी बसला होता. त्याची पाटी रेतीखाली गेली होती.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा मालकावर दाखल झाला. पुरावा नष्ट केल्याच्या कलमाखाली तरुणालाही अटक करावी लागली. ते मी टाळू शकत नव्हतो.

मृताची बायको भावाला भेटायला ठाण्यात आली. ती बोलायला लागताच मी आवाज ओळखला.

"ताई, फोन तुम्हीच केला होता?"

तिने होकारार्थी मान हलवली. घरी आल्यावर भावाने तिला सगळे सांगितले होते.

"रस्त्यावरचा मृत्यू म्हणून नोंद झाली असती तर तुम्हाला भरपाई मिळाली असती. आता भाऊही आत आहे. माहीत होतं ना हे?"

"माहीत व्हतं," ती म्हणाली. "पन भाऊ सकायले परत तठेच जाव्हाव व्हता."

पुढे भावाला जामीन मिळाला. घाटाचे लिलाव कधी सुरू झाले, कधी बंद पडले. रेतीचे धोरण माझ्या नोकरीतच कितीदा तरी बदलले. प्रत्येक आदेशात रेती किती, दंड किती, वाहन कोणी सोडायचे हे बारकाईने लिहिलेले असे. लिलाव बंद असताना नदीत उतरणाऱ्या माणसाने दुसरे काय करावे, हे कुठल्याच आदेशात मला वाचायला मिळाले नाही. गुन्हा उघडकीस आणणे हे पोलिसाचे काम, असे मी मानत आलो. या गुन्ह्यात ते काम त्या बाईने केले होते. नवरा गेल्यावर, अंत्यविधीही व्हायच्या आधी, भरपाईवर पाणी सोडून.

त्या दिवशी ठाण्यातून निघताना तिने भावाच्या कोठडीकडे एकदा पाहिले. मी म्हणालो, "शिक्षाही होऊ शकते त्याला."

"होई ते होई, साहेब," ती म्हणाली. "जित्ता ते ऱ्हाई."