क्विलमेटवाली प्रतिमा

फ्रीमाँटमध्ये प्रतिमा निमकरला न ओळखणारा मराठी माणूस भेटला तर समजावं, स्वारी परवाच विमानातून उतरली आहे. बाकी सगळे तिला ओळखतात. "त्या हो, क्विलमेटवाल्या!" म्हणतात आणि तोंड दाबून हसतात. मला त्या हसण्याची चीड आहे. मी संध्या, तिच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहते, आमच्या दोघींच्या गॅरेजमध्ये भिंत एकच आहे, आणि मला राग लवकर येतो हे आधीच सांगून ठेवते.

क्विलमेट म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. नव्वदच्या दशकात, खिशात फोन यायच्या कितीतरी आधी, सनीव्हेलच्या एका छोट्या कंपनीने हातात मावणारी एक करडी डबी काढली होती. तिच्या पडद्यावर प्लॅस्टिकच्या काडीने लिहायचं. डबीने ते अक्षर वाचायचं आणि तुमची भेट, फोन नंबर, वाणसामान, सगळं लक्षात ठेवायचं. खिशातला कारकूनच म्हणा ना. त्यातलं अक्षर वाचायचं काम ज्या चार जणांचं, त्यातली एक आमची प्रतिमा.

ती सांगलीची. इंजिनिअरिंगच्या वर्गात मुली दोन, ही आणि पहिल्याच वर्षी सोडून गेलेली दुसरी. मास्टर्स करायला अमेरिकेत आली, लग्न केलं, इला झाली, आणि इलाला पाळणाघरात सोडून ही बाई दिवसभर लोकांच्या 'जी' आणि 'वाय'ची शेपटं बघत बसायची. मला म्हणायची, "संध्या, तुझा 'आर' फार लबाड आहे गं. 'व्ही'सारखा दिसतो." मी म्हणायचे, तुझ्या डबीला चष्मा लाव.

अशा डबीला वाचायला शिकवायचं तर शेकडो लोकांचं अक्षर लागतं. प्रतिमाने मॅनेजरला सांगितलं, मला ओहायोला पाठवा, टेक्ससला पाठवा, दुकानदार, नर्सा, सेल्समन यांच्याकडून लिहून आणते. मॅनेजर म्हणाला, वेळ नाही, नाताळच्या आधी माल दुकानात हवाय, आणि हँडरायटिंग इज हँडरायटिंग. कुठूनही आण. आता तुम्हीच सांगा, परक्या देशात, फुकटात, एका दिवसात शेकडो माणसं रांगेत उभी राहून निमूटपणे लिहून देतील अशी जागा कुठली?

बरोबर. मंडळाचा गणपती.

मंडळाने भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात आरती झाली आणि मोदकांच्या टेबलाच्या अलीकडे प्रतिमाने स्वतःचं टेबल लावलं. त्यावर दोन इलेक्ट्रॉनिक पाट्या, वायरी, कॉम्प्युटर. "आधी लिहा, मग मोदक!" ती पैठणीचा पदर खोचून ओरडत होती. काय धमाल आली होती! काकालोकांनी ऑफिसच्या सह्या ठोकल्या, काकूंनी पत्ते लिहिले, एका आजोबांनी इंग्रजीत अख्खी तक्रार लिहिली की मोदकात गूळ कमी आहे. मीही लिहिलं. पुढच्या रविवारी आणखी एक गणपती, मग नवरात्र. ढीगभर अक्षर जमलं. प्रतिमा खूश, मॅनेजर त्याहून खूश.

आणि इथेच गोम होती. आम्ही सगळे मराठी शाळांतले. पाचवीत एबीसीडी, चाररेघी वही, अक्षराला अक्षर जोडून लिहायचं, आणि शेपूट रेघेबाहेर गेलं की हातावर छडी. सांगली असो, नागपूर असो की दादर, आमचं सगळ्यांचं इंग्रजी अक्षर एका साच्यातलं. आम्हाला ते कधी जाणवलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, इंग्रजी म्हणजे इंग्रजी. जग असंच लिहितं. प्रतिमा घरी तपासायची तेही नवऱ्यावर, माझ्यावर, समोरच्या शैलजावर. डबी घडाघडा वाचायची. मॅनेजरचं अक्षर तेवढं तिला वाचता येत नव्हतं, तर तो म्हणाला, माझी डबी खराब दिसते, बदलून द्या.

मग ती दुकानात गेली. गोऱ्या लोकांनी आपली सुटी सुटी, अर्धी मोठी अर्धी छोटी अक्षरं काढली आणि डबीने हात टेकले. 'कॉल सुझन' लिहिलं की पडद्यावर 'कोल्ड सॉसेज'. टीव्हीवर विनोद झाले, वर्तमानपत्रात व्यंगचित्रं आली. दीड-दोन वर्षांत कंपनी बुडाली. प्रतिमाला घरी बसावं लागलं, मग दुसरीकडे नोकरी, तिसरीकडे नोकरी, शेवटी हृदयाचे ठोके मोजणाऱ्या मशीनच्या कंपनीतून ती रिटायर झाली. तिथलं तिचं काम आजही हॉस्पिटलांत चालतं. पण त्याचं नाव कोणी काढत नाही. माणसं विसरतात सगळं, फजिती तेवढी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात.

गेल्या वसंतात सिद्धेश आला. सिद्धेश पुण्याचा, इथे मास्टर्स करत होता तेव्हा दोन वर्षं शनिवारचा वरणभात प्रतिमाकडे जेवला. आता एका स्टार्टअपमध्ये मोठा माणूस झालाय. तुम्ही बोलाल ते ऐकून कामं करणारा असिस्टंट बनवतात म्हणे. आला तोच लाडीगोडी लावत.

"प्रतिमामावशी, एक मस्त इव्हेंट आहे यार. 'फ्लॉप डे'. ज्यांचे प्रॉडक्ट फेल झाले ते स्टेजवर येतात, स्टोरी सांगतात, सगळे हसतात. फेल्युअर सेलिब्रेट करायचं. आमची कंपनी स्पॉन्सर आहे. मी तुझं नाव दिलंय."

"विचारल्याशिवाय?" मी म्हटलं.

"अगं संध्यामावशी, सरप्राइज!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्वतःच्या आईचं नाव देशील का रे असं?"

प्रतिमा कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही. "काय करायचं असतं तिथे?"

"काहीच नाही. ते जोक्स मारतात, तू हसायचं. मग एक ट्रॉफी देतात. मावशी, प्लीज, माझ्या बॉसला मी प्रॉमिस केलंय. आता कॅन्सल केलं तर माझी वाट लागेल."

तो खरंच घाबरलेला होता. प्रतिमाचा त्या पोरावर जीव. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "येईन."

तो गेल्यावर मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, अगं, तीस वर्षं लोक पाठीमागे हसले, आता तोंडावर हसवून घेणार? त्या पोरासाठी? ती म्हणाली, "मी येईन म्हटलंय. हसेन असं नाही म्हटलेलं." तेव्हा मला वाटलं, उगीच बोलतेय. रात्री इलाचा पूर्व किनाऱ्यावरून, पार्सिपनीहून फोन आला, तिनेही हेच सांगितलं, "आई, यू डोन्ट ओ देम एनिथिंग." हिने फोन ठेवला आणि इस्त्री करायला साडी काढली.

शनिवारी दुपारी मीच ड्राइव्ह केलं. माउंटन व्ह्यूमधला एक हॉल, भिंतीवर मोठ्ठा पडदा, हातात बिअरचे ग्लास घेऊन फिरणारी तिशीतली माणसं. सिद्धेश धावत आला, आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. ट्रॉफी टेबलावर ठेवली होती: सोनेरी रंग दिलेलं केळ्याचं साल. बघा म्हणजे! घसरून पडलेल्याला साल बक्षीस द्यायचं. याला हे लोक दिलदारपणा म्हणतात.

प्रतिमाचा नंबर आला. गुलबट केसांचा एक सूत्रसंचालक पडद्यावर जुनी व्यंगचित्रं दाखवत सुटला. सॉसेज आलं, हशा. आणखी एक, आणखी हशा. मग त्याने मोदकांची गोष्ट सांगितली. कोणी पुरवली होती ते मी सिद्धेशच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहून ओळखलं. "म्हणजे अमेरिकेसाठीचं मशीन यांनी देवळातल्या जेवणावळीत तयार केलं!" तो म्हणाला. लोक मांड्यांवर थापा मारत होते. मला उठून त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटत होता, आणि मला रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

प्रतिमा हसत नव्हती. तिने माइक घेतला. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगते.

"जेवणावळ नव्हती, गणपती होता. आणि चूक माझी होती. मी एकाच गावच्या विहिरीतलं पाणी चाखलं आणि सगळ्या पाण्याची चव सांगितली. ते मी मान्य करते, तीस वर्षं करतेय." लोकांना वाटलं आता पुढे विनोद येणार. "पण तुम्ही हसताय ते त्या चुकीला नाही. ओहायोच्या लोकांचं अक्षर वाचणाऱ्या मशीनला आमचं वाचता आलं नसतं, तर तुम्ही हसला नसता. त्याला तुम्ही फ्लॉपही म्हटलं नसतं. आजही माझ्या बँकेत फोन केला की तिथलं मशीन मला म्हणतं, सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट. तीनदा म्हणतं. मी सांगलीचा उच्चार सोडून तुमच्यासारखं तोंड वाकडं केलं की मग त्याला कळतं. त्या मशीनला साल दिलंत का कोणी? या देशात एकच मशीन असं निघालं ज्याला आमचं आधी कळलं आणि तुमचं कळलं नाही. ते मी केलं. मला त्याची लाज वाटत नाही. अजिबात वाटत नाही."

सूत्रसंचालक सावरून हसला. "मग पुन्हा संधी मिळाली तर काय वेगळं कराल?"

"ओहायोलाही जाईन," प्रतिमा म्हणाली. "पण गणपतीला आधी."

मागून कोणीतरी एकट्याने टाळ्या वाजवल्या. एक काळी मुलगी होती, उभी राहून वाजवत होती. मग एक चिनी आजोबा उठले. सगळा हॉल उठला असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? निम्मे लोक बिअरच्या ग्लासात बघत होते. सूत्रसंचालकाने साल पुढे केलं. प्रतिमाने दोन्ही हात पाठीमागे घेतले, मान हलवली आणि पायऱ्या उतरली. आम्ही तशाच गाडीत जाऊन बसलो. ८८० हायवे लागला. मी तिचा हात धरायला गेले तर म्हणाली, "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव."

रविवारी सकाळी सिद्धेश दारात. हातात ते साल, चेहरा पडलेला. मी आधीच तिथे होते, मी कुठे जाणार!

"मावशी, तू मला तोंडघशी पाडलंस. बॉस विचारत होता, कुठून आणलंस यांना."

"सांगलीहून म्हणावं," मी म्हटलं.

"संध्या, गप," प्रतिमा म्हणाली. तिने त्याच्यासाठी चहा टाकला, आलं किसून घातलं, त्याला आवडतो तसा. त्याने तो पिऊन संपवला. कप खाली ठेवताना त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मोदकांचं मी सांगायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. त्याला बरं वाटावं असं काही तिने पुढे जोडलं नाही.

मग तो साल टेबलावरून तिच्याकडे सरकवत म्हणाला, "हे तरी ठेवून घे ना. शोकेसमध्ये. त्यांनी मला डिलिव्हर करायला सांगितलंय. परत नेलं तर मी त्यांना काय सांगू?"

प्रतिमाने ते उचललं, पदराने त्याच्यावरचा चहाचा थेंब पुसला आणि त्याच्या हातात दिलं.

"सांग, प्रतिमा निमकर घरीच होत्या. त्यांनी दार उघडलं, चहा दिला. आणि हे घेतलं नाही."