समोरचे दोन दात

माझं साक्षगंध झालं आणि थोड्याच दिवसांत मी वरचे समोरचे दोन दात तोडून घेतले. ठरलेला नवरा झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका गावात मास्तर होता. तिथून बाजाराला जायचं तर सायकलच लागते, असं त्याच्या आईनं बोलता बोलता सांगितलं होतं. मग आपल्याला सायकल यायलाच हवी, असं मी ठरवून टाकलं. मला एखादी गोष्ट डोक्यात आली की ती त्याच दिवशी करायची असते, हा माझा जन्माचा खाक्या. बाबांची सायकल काढली, दारव्ह्याच्या जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत नेली आणि ब्रेक दाबायचा सोडून पाय टेकवायला गेले. रस्त्यासाठी टाकलेल्या गिट्टीच्या ढिगावर तोंडघशी पडले.

आईनं आधी माझं तोंड धुतलं, मग तोंडभर बोलली. "बाप्पा! नवरदेव हा अवतार पाहून पयूनच जाईन ना! कायले गेलती मरायले सायकलवर?" असं म्हणता म्हणता तिला हसू आलं आणि हसता हसता रडू. दोन्ही दात अर्धे उडाले होते. मी पदर तोंडाशी धरून बोलायला लागले. गार पाणी लागलं की कळ थेट कपाळात जायची.

पण कळेपेक्षा जीभ जास्त छळत होती. ती एक क्षणही स्वस्थ बसत नव्हती, सारखी त्या तुटक्या कडेवर जायची. तिच्यासारखीच मीही. चुलीपाशी बसावं तर अंगणात जावंसं वाटे, अंगणात गेलं की आरसा आठवे. लग्नाचा बस्ता काढायला सासरची माणसं येणार होती. त्याआधी दात बसले नाहीत तर काय होईल, या एकाच विचारानं माझी झोप उडाली होती.

बाबा गप्प होते. आमच्याकडे बाबा गप्प असले की घरातली भांडीसुद्धा हळू वाजायची. दोन-तीन दिवस त्यांनी शेतावरून यावं, माझ्या तोंडाकडे बघावं आणि हात धुवायला निघून जावं. शेवटी जेवताना म्हणाले, "यवतमाळले दाताचा डॉक्टर आहे. सोन्याचे बसवून घेऊ."

मी ताटावरून उठलेच. "सोन्याचे? समोरचे? बाबा, मी कापसाचा दलाल आहे काय?"

आमच्या बाजारात एक दलाल होता. हसला की त्याचा सोन्याचा दात आधी दिसायचा आणि माणूस नंतर. नवरीच्या शालूत मी तशी हसणार, हे मला डोळ्यांपुढे दिसलं आणि जिवाचा संताप झाला. बाबांना चारचौघांत मिरवायचं आहे, पोरीच्या तोंडातही आपली ऐपत दाखवायची आहे, असं मला वाटलं. मी तसं बोललेसुद्धा. बाबांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. त्यामुळे माझा राग आणखीच वाढला.

यवतमाळला आम्ही छोट्या आगगाडीनं गेलो. ती गाडी इतकी निवांत चालायची की माणसं उतरून बाजूच्या शेतातल्या तुरीच्या शेंगा तोडून पुन्हा चढत. एरवी मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी वाटलं, उतरून आपणच ढकलावी. मी सारखी उठत होते, खिडकी बदलत होते. बाबा मात्र छातीवरच्या खिशावर हात ठेवून बसले होते.

डॉक्टर नागपूरकडे शिकून आलेले, शांत गृहस्थ. पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र त्यांच्या खुर्चीशेजारी उभं होतं. त्यांनी दात ठोकून पाहिले, मुळं पक्की आहेत म्हणाले आणि काचेच्या बशीत नमुने मांडले. दाताला घासून लहान करायचं आणि वरून टोपी बसवायची, एवढंच काम. टोपी कशाची, ते आम्ही ठरवायचं.

चिनी मातीची टोपी सगळ्यांत देखणी. अगदी माझ्याच दातासारखी. मी लगेच तिच्यावर बोट ठेवलं.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "ती नागपूरहून करून आणावी लागेल, वेळ लागेल. दात खूप घासावा लागतो. आणि ती ठिसूळ असते. सुपारी फोडली की गेली. जंगलातल्या गावात फुटली तर कुठे जाल?"

प्लास्टिकची टोपी लवकर मिळणार होती, पण ती झिजते, पिवळी पडते. सोन्याची सगळ्यांत टिकाऊ, दात घासावाही कमी लागतो. चौथा नमुना मी आधी उलटा धरला होता, म्हणून तोही नुसता सोन्याचाच वाटला. मागून सोनं आणि समोरून पांढऱ्या प्लास्टिकची खिडकी. ती खिडकी काही वर्षांनी पिवळी पडेल, तेव्हा तेवढीच बदलावी लागेल, असं त्यांनी सांगितलं.

मी चिनी मातीवरच अडून बसले. उशीर चालणार नव्हता हे मला कळत होतं, तरी अडले. "सुपारी मी खातच नाही," म्हणाले.

तेव्हा बाबांनी खिशातून एक रुमाल काढला आणि बशीच्या शेजारी उलगडला. त्यात सोन्याची कानातली फुलं होती.

ती मी ओळखली. माझ्या मोठ्या बहिणीची. तिचं लग्न वनखात्यातल्या माणसाशी झालं होतं, तेही त्याच झरीकडच्या रानात. दुसऱ्याच वर्षी ती तापानं गेली. निरोप आला तेव्हा बाबा बैलगाडीनं निघाले, आणि पोचले तोवर राख सावडून झाली होती. परत आल्यावर ते कोणाशी काही बोलले नव्हते. तिच्या अंगावरचं सोनं सासरच्यांनी बांधून दिलं होतं, एवढंच आम्हांला ठाऊक.

"याच्यातूनच बनवा, डॉक्टरसाहेब," बाबा म्हणाले. "मुरमुऱ्याएवढं का होईना, पण सोनं पाह्यजे."

"काहून पण बाबा?" मी जवळजवळ ओरडलेच. "काहून सोनंच?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रुमालाशी बोलल्यासारखे बोलले. "जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीचं पान घालतेत, सोन्याचा कण घालतेत. तिच्या तोंडात तुळस घातली म्हणे. मी इचारलं, सोनं घातलं का? कोनी बोलेच ना. कोनाले सुचलंच नाई. तिच्या कानातलं तिच्याच तोंडात घालाचं राहून गेलं, न् मले जसंच्या तसं वापस दिलं." मग रुमालाची कड सरळ करत म्हणाले, "तुह्या तोंडात ते आधीपासूनच असू दे."

मला आधी भीतीच वाटली. हळद लागायच्या आधी माझ्या बापानं माझ्या सरणाची तयारी केली होती. मग ती भीती रागाच्या वाटेनं बाहेर पडली.

"बाबा, मी मरायले नाई चालली! मी लग्न करून चालली!"

"तेबी लग्न करूनच गेलती," बाबा म्हणाले.

मी खुर्चीतून उठून बाहेरच्या ओट्यावर गेले. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिले. बाबा मिरवायला निघालेत असं मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, आणि ते खिशात काय घेऊन हिंडत होते! मला बहिणीची आठवण आली ती तिच्या हसण्याची. ती सगळे दात दाखवून हसायची, आई तिला त्याबद्दल रागवायची. मला खूप रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी जगावंसंही वाटलं, हट्टानं, पुष्कळ वर्षं.

आत येऊन मी बशीतला तो चौथा नमुना उचलला. "हा बसवा," म्हटलं. "समोरून पांढरा दिसू द्या. मागून यांचं सोनं." बाबांनी फुलं डॉक्टरांच्या हातात दिली आणि रिकामा रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

दात घासताना पायाचं यंत्र कुरकुरत होतं. पुढच्या खेपेला टोप्या तयार होत्या. डॉक्टरांनी त्या चिकटवल्या, दातांमध्ये कापूस भरला आणि तोंड उघडं ठेवून पडून राहायला सांगितलं. बाबा जवळ आले, वाकले आणि माझ्या तोंडात पाहू लागले. समोरून नव्हे, खालून, जिभेकडच्या बाजूनं.

"निंघनार तं नाई ना हे?" त्यांनी विचारलं.

"छे हो," डॉक्टर हात पुसत हसले. "मरेपर्यंत हलायचे नाहीत."

"बस, तेवढंच पाह्यजे," बाबा म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकून बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण तोंड मिटायची परवानगी नव्हती.