दीड फूट पत्रा

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत भार्गवी कुलकर्णी कडबाकुट्टी यंत्रं बनवते. मशीन घ्यायला आलेल्या माणसाला ती पहिला प्रश्न विचारते, की घरात वैरण कोण कापतं. बायको, असं उत्तर आलं की म्हणते, मग त्यांना घेऊन या. दोन दिवस सकाळी त्यांनी इथे ओला घास कापून बघायचा, मगच मशीन मिळेल. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरतात. एक जण तर जाताना म्हणाला, मशीन घ्यायला आलोय, सून बघायला न्हाई. अशाने सहा महिन्यांत नऊ मशिनी खपल्या. धंदा करायची ही तऱ्हा झाली का, असं तिचे वडीलही विचारतात. पण तिला ही तऱ्हा कुणी शिकवली, हे ते विचारत नाहीत.

पाच वर्षांपूर्वी ती अशी नव्हती. इंजिनीअर झाली, केडगावात कंपनी काढली आणि मोटारसायकलवर मावणारी कडबाकुट्टी बाजारात आणली. मावावी म्हणून वैरण सरकवायचा पुढचा, वरून झाकलेला पत्रा कापून आखूड केला. प्रदर्शनांत ती स्वतः लांबलचक वाळला कडबा घालून दाखवायची, आणि पुरुषमंडळी खूश होऊन नावं नोंदवायची. बाई असूनही तिच्या डोक्यात आलं नाही, की यातला एकही जण घरी वैरण कापत नाही. कापतात त्या बाया, गडबडीच्या सकाळी, आणि कापतात तो आखूड, ओला घास. त्याची शेवटची मूठ वैरण आत ओढणाऱ्या रोलरपाशी अडते. मग ती मूठ हाताने ढकलायची, कारण घास वाया कोण घालवणार?

राहुरीजवळच्या सुमनबाईंनी तशीच मूठ ढकलली. उजवा हात मनगटापासून गेला.

वकील म्हणाला, चूक वापरणाऱ्याची आहे, तुम्ही 'हात घालू नये' अशी पट्टी चिकटवा आणि पुढे चला. भार्गवीने पट्टी चिकटवली. या गोष्टीची लाज तिला अजून वाटते, आणि वाटायलाच हवी. दोन महिन्यांनी तिने कंपनी बंद केली; नागापूरला पुन्हा सुरुवात केली ती आत्ता, सहा महिन्यांपूर्वी. सुमनबाईंना भेटायला मात्र ती एकदाही गेली नाही, धीरच झाला नाही.

गेल्या महिन्यात ती गेली, नवी मशीन टेम्पोत घालून. सुमनबाईंनी चालवून बघावी आणि ठीक आहे म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ते ऐकल्याशिवाय तिला दहावी मशीन विकायची नव्हती. सुमनबाईंचे यजमान सहादू तिला बघताच उठून रानात निघून गेले. गोठ्यामागे जुनी मशीन पोत्याखाली झाकलेली होती.

सुमनबाई पुढे आल्या. नव्या मशीनमध्ये डाव्या हाताने घास घालू लागल्या. शेवटची मूठ अडली, तसा त्यांचा हात आपसूक त्या मुठीमागे गेला. सुमनबाईंनी खांद्यापर्यंत हात आत घातला, बोटं ताणली, तरी रोलर वीतभर लांबच राहिला. त्यांनी हात बाहेर काढला आणि पत्र्यावरून सावकाश फिरवला.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "काय बदललं हिच्यात?"

"पत्रा लांब केलाय. दीड फूट."

"येवढंच?"

भार्गवीने मान हलवली.

"मंग तवाच का न्हाई लावला, ताई?"

खोटं बोलायला ती आली नव्हती. "मोटारसायकलवर मावावी म्हणून," ती म्हणाली.

सुमनबाईंनी पदराने उजवं मनगट झाकून घेतलं.

"आमी तर टेम्पोतनं आनली हुती," त्या म्हणाल्या.