खोडाशेजारी

चारुलता भारंबे नापास झाली, असं तिच्या माहेरी यावलकडे सगळे धरून चालतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षात गेला, म्हणजे दुसरं काय झालं असणार? जळगावात स्वतःचं घर, ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात नवऱ्याचं बरं चाललेलं, बाईची शिक्षिकेची नोकरी, आणि चौतिसाव्या वर्षी तिला पुन्हा कॉलेजात जायचं सुचलं. मग तोंडावर आपटणारच, असं लोकांचं म्हणणं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? चारुलताही लावत नाही. नापास म्हटलेलं तिला परवडतं.

खरी गोष्ट भूमिका नावाच्या मुलीची आहे, आणि तिने काढलेल्या एका चित्राची.

चारुलता शिकत होती ते शाळेतल्या मुलांच्या मानसशास्त्राचं. पुस्तकी परीक्षा झाल्या की खरं काम सुरू व्हायचं. दहा मुलं घ्यायची, प्रत्येकाला निदान तीनदा भेटायचं, चाचण्या घ्यायच्या, लिहायचं, आणि दहा केसेसची फाईल मार्गदर्शकांनी पास केली तरच शाळेत मानसशास्त्रज्ञ म्हणून बसायचं प्रमाणपत्र. नऊ चालत नाहीत.

चाचण्यांमध्ये एक चित्रांची होती. मुलाला कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर द्यायचं आणि सांगायचं, घर काढ, झाड काढ, माणूस काढ. कापलेलं झाड काढणाऱ्या मुलाच्या मनाला मोठा घाव बसलेला असू शकतो, असं पुस्तकात दिलेलं. वर्गात हे वाचलं गेलं तेव्हा चारुलता हसली होती. "सर, हे पुस्तक लिहिणाऱ्याने केळी पाहिली नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे झाड म्हणजे केळ. घड उतरला की खोड कापतात. पोरं रोज बघतात तेच काढतात. पुस्तक वाचून निकाल दिला तर अर्धा यावल तालुका दवाखान्यात न्यावा लागेल." वर्ग हसला. तिचे मार्गदर्शक हितेंद्र सर पुण्याकडचे, त्यांना तर हे इतकं आवडलं की पुढे दोन महिने ते ज्याला त्याला सांगत सुटले. चारुलताला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. शहरातल्या मुलींना जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं, ही गोष्ट तिने मनाशी पक्की केली.

जानेवारीत चोपड्याकडच्या एका शाळेत तिला भूमिका भेटली. सातवीतली. आई दिवाळीआधी काविळीने गेलेली. घरी आजी, आणि बाप गिरधर, जो टोळीबरोबर केळी कापायला जायचा. मुलगी वर्गात बोलत नाही, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत नाही, म्हणून वर्गशिक्षिकेने पाठवलेली.

भूमिकाने घर काढलं, माणूस काढला, आणि झाड म्हणून कापलेली केळ काढली. काय सुरेख काढली होती! वरचा तिरपा काप, खोडाचे पापुद्रे, सगळं. मग ती बराच वेळ काहीतरी खोडत बसली. खोडून झाल्यावर रबराचा भुगा तिने तळहातावर गोळा केला आणि फ्रॉकच्या खिशात टाकला. टेबलावर कण ठेवला नाही. चारुलताने वहीत लिहिलं, नीटनेटकेपणाची आवड. खाली लिहिलं, झाडाचं चित्र परिसरातलं. आईच्या जाण्याचं स्वाभाविक दुःख. विशेष चिंतेचं कारण नाही.

शेवटच्या भेटीनंतर बावीस दिवसांनी भूमिका शेततळ्यात सापडली. तळ्याला प्लास्टिक अंथरलेलं, काठ निसरडा, मुलगी आजीचं लुगडं धुवायला गेलेली. पाय घसरला, असं गाव म्हणालं आणि पोलिसांनीही तेच लिहिलं. चारुलता दोन दिवस रडली. पण ते रडणं साधं होतं. ओळखीचं लेकरू गेलं की माणूस रडतं, तसं.

भूत मागे लागलं ते मार्चमध्ये. ती माहेरी गेली होती. तिचे वडील झुलाल आबा बागेत कापणी झालेली खोडं पाडत होते. बोलता बोलता ती दोन खोडांच्या मधून त्यांच्याकडे निघाली, तशी आबांनी विळा वर धरून तिला थांबवलं.

"पाय पाहीसन ठेव, चारू. पील आहे तठी."

कापलेल्या खोडाला लागून हातभर उंचीचं पील, केळीचा नवा कोंब, उभं होतं. मोठी केळ ही आई, ती कापली तरी बुडाशी एक पील राखायचं, पुढची बाग त्यावरच धरायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. चालायला लागल्यापासून ती पिलं चुकवतच चालत आली होती. चारुलता तिथेच खाली बसली. आबांना वाटलं, ऊन लागलं.

जळगावात परतल्यावर तिने फाईल काढून चित्र खिडकीच्या काचेला लावलं. खोडाशेजारी काहीच नव्हतं. पण उजव्या अंगाला कागद घासून पातळ झाला होता, आणि उजेड आरपार आला तशी पेन्सिल दाबल्याची खूण दिसली. दोन छोटी पानं. भूमिकाने पील काढलं होतं आणि मग पुसून टाकलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तेव्हापासून चारुलताला चैन नाही. वर्गात कुणी रबर घासलं की तिचं शिकवणं अडतं. यावल-चोपडा रस्त्यावर बस कापलेल्या बागांमधून जाते तेव्हा ती खिडकीतून पिलं मोजते, आणि एखाद्या खोडाशेजारी नसलं तर मान वळवून मागे बघत राहते. नवरा कुंदन म्हणाला, "अगं, खूण दिसली म्हणून काय झालं? पोरीला जमलं नसेल, पुसलं असेल." असेलही. किंवा कापलेल्या आईशेजारी तिने स्वतःलाच पुसलं असेल. हेच तर तिला खात होतं. विचारलं असतं तर कळलं असतं, 'बेटा, इथे काय होतं?' एवढंच. चार शब्दांचा प्रश्न. आणि आता उत्तर देणारं कुणी नव्हतं.

एप्रिलमध्ये फाईल द्यायची वेळ आली. तिच्या केसेस मोजून दहा होत्या, भूमिका धरून. हितेंद्र सरांनी ती केस वाचली आणि म्हणाले, "उत्तम लिहिली आहे. परिसराचा विचार किती नेमका केलाय. मूल गेलं ते दुर्दैव, त्यात तुमचा काय दोष? चित्र फाईलमध्ये लावायला फक्त पालकांची सही आणा." सरांना केळीतलं जेवढं कळत होतं तेवढं चारुलतानेच शिकवलेलं, आणि त्यात पील नव्हतं. ती गप्प बसली. गप्प राहिलं की पास, बोललं की वर्ष गेलं.

रविवारी दुपारी ती गिरधरच्या घरी पोचली. टोळीचं काम दुपारपर्यंतच होतं. गिरधर चाळिशीचा, केळीच्या चिकाने काळे पडलेले हात. त्याने खाट टाकली, आजीने पाणी दिलं. चारुलताने पिशवीतून नुसता सहीचा कागद काढला. चित्र आतच ठेवलं. काय लिहायचं ते घरी जाऊन ठरवू, आधी सही होऊ दे, असं तिने बसमध्ये मनाशी ठरवलं होतं. भित्र्या माणसाला असे मधले रस्ते फार सुचतात.

"चित्र कोठे शे?" गिरधरने विचारलं. "दखू द्या ना. तिना हातनं घरमा काहीच नही."

आता नाही कशी म्हणणार? तिने चित्र दिलं. त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने आजीला हाक मारून दाखवलं.

"मनी पोरनी काढेल शे. दख, काप कसा तिरपा शे. मनामांगे येये ना बागमा, बठ्ठं दखेल व्हतं तिनी." मग तो थांबला. कागद जरा लांब धरला, जवळ आणला. "पील कोठे शे मंग?"

 गिरधर दारात उजेडाला गेला. त्याचा अंगठा कागदावरून सरकत सरकत बरोबर त्या पातळ जागेवर जाऊन थांबला. तिला दीड-दोन महिने लागले होते. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"पुसी टाकं तिनी," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "तुम्हले कव्हय दिखनं?"

"उशिरा, भाऊ. ती गेल्यावर."

"तुम्ही बी केळीनाच घरन्या ना?"

"हो," ती म्हणाली. "मला दिसायलाच पाहिजे होतं. मी लिहिलं, चिंतेचं कारण नाही."

गिरधर उंबऱ्यावर बसला. "गाव म्हने, पाय घसरना. मी बी तेच धरी बसनू व्हतू."

तेव्हा चारुलताला कळलं की आपण काय केलं. या माणसाकडे धरायला एवढी एकच गोष्ट होती, आणि ती आपण त्याच्या हातून काढून घेतली. सांगितलं की ओझं उतरेल असं तिला वाटलं होतं. ते उतरलं नाही, आता ते दोघांच्या डोक्यावर होतं.

"सही राहू द्या," ती म्हणाली. "मी ही केस बदलून लिहिणार आहे. मला दिसलं नाही आणि मी विचारलं नाही, असं लिहिणार. मग ती केस दहात मोजणार नाहीत. माझं वर्ष जाईल, जाऊ दे."

गिरधरने तिच्या हातातला पेन घेतला. एकेक अक्षर जोडत त्याने नाव लिहिलं. "बठ्ठं लिखा, काहीच सोडू नका," तो म्हणाला. "पन हाऊ कागद माले दी जा."

तिने मोबाईलवर फोटो काढून चित्र त्याला दिलं. त्याने ते दुमडलं नाही, तसंच भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीमागे ठेवलं.

बस थांब्याला बागेतून जवळ पडतं म्हणून तो तिला पोचवायला निघाला. तो पुढे, ती मागे. गेल्याच आठवड्यात कापलेली बाग, दोन्ही बाजूंना खोडांच्या ओळी. चारुलताला डोळ्यांतल्या पाण्याने धड काही दिसत नव्हतं. गिरधरने मागे वळून तिच्या पायांकडे पाहिलं.

"पाय दखीसन ठेवा, बाई. पील शे."

तिने उचललेला पाय तसाच धरला. खाली दोन पानांचं पील उभं होतं. ते चुकवून तिने पाय पलीकडे टाकला तेव्हा गिरधर पुन्हा पुढे चालू लागला होता.