हजेरीतलं आठवं नाव

२६ जानेवारी, सकाळचे दहा. स्थळ : मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या बी ब्लॉकची गच्ची. हजर : बापटकाकू (मटारची उसळ), शेखकाका (शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी), साळवी पतिपत्नी (तिळाच्या वड्या), माझा नवरा अनिल (कागदी प्लेटा, कारण त्याला तेवढंच जमतं), मुलगी ईरा (संत्री, सोलून) आणि मी (मसालेभात). एकूण सात. वहीतल्या खुणा मात्र आठ आहेत. ती आठवी खूण माझ्याच हातची आहे आणि ती रूथमावशींच्या नावापुढे आहे. त्या जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते.

बातमी आली तेव्हा मी मेट्रोच्या फलाटावर होते. ऑफिसातून लवकर निघाले होते म्हणून गर्दी नव्हती. शेखकाकांचा फोन आला. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळ सोलापूरचे, पण दिल्लीत चाळीस वर्षं राहून प्रत्येकाला बेटा म्हणतात. "बेटा, मावशी गेल्या. उन्हात खुर्चीवर बसल्या होत्या. मी चहाला बोलवायला गेलो तर…" मी फोन ठेवला आणि पर्समधून वही काढली. नगरच्या पुतण्याला कळवणे. चर्चमध्ये कळवणे. डॉक्टरांचा दाखला. गॅस बंद आहे का बघणे. गाडी आली, गेली, दुसरी आली. बारा कामं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी रडत नाहीये, आणि तेही मला लिहून ठेवावंसं वाटलं.

रूथमावशी नगरजवळच्या एका खेड्यातल्या. वडील शाळामास्तर. केंद्र सरकारच्या एका खात्यात भाषांतरकार म्हणून त्या विशीतच दिल्लीला आल्या आणि लग्न न करता इथेच राहिल्या. वीस वर्षांपूर्वी अनिलच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून आलो, तेव्हा सामानाची खोकी अजून उघडायची होती आणि दारावरची घंटा वाजली. बाहेर एक उंच, किडकिडीत बाई, अंगात पुरुषी कोट, डोक्याला मफलर. "मराठी ना? छान. परवा सव्वीस जानेवारी. गच्चीवर अंगतपंगत. पदार्थ कोणता आणणार ते आत्ता सांगा, मी लिहून घेते. आणि वाटीभर आणू नका हं, इथले सगळे सरकारी नोकर आहेत, खातात." मी मसालेभात म्हटलं. त्या दिवसापासून माझ्या नावापुढे मसालेभातच आहे. एकदा बदलून बघितला तर त्या म्हणाल्या, "नाव बदललंस का? मग पदार्थ का बदललास?"

मुलांना त्या दरवर्षी एकच गोष्ट सांगायच्या. सव्वीस जानेवारी हीच तारीख का? एकोणीसशे तीस साली याच दिवशी गावोगाव झेंडा लावून पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचली गेली. पुढे दरवर्षी लोक तो दिवस पाळत राहिले. स्वातंत्र्य मिळालं ते मात्र ऑगस्टात, मग या तारखेचं काय करायचं? संविधान नोव्हेंबरातच मंजूर झालं होतं, पण ते पूर्ण अमलात आणलं ते सव्वीस जानेवारीला. "म्हणजे बघा," त्या बोट वर करून म्हणायच्या, "एवढा मोठा देश एका तारखेसाठी दोन महिने थांबला. तारखा माणसांना धरून ठेवतात." शेवटचं वाक्य मुलांसाठी नसायचं. ते म्हणताना त्या गच्चीच्या दाराकडे बघायच्या.

मोठ्यांसाठीची गोष्ट वेगळी होती, आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. त्या तीस सालच्या सकाळी त्यांच्या वडिलांनी गावाबाहेरच्या माळावर माणसं जमवली होती. थंडी होती, कार्यक्रम लांबणार, म्हणून ज्याने त्याने घरून डबा आणला होता. मास्तरच ते, त्यांनी आधी हजेरी घेतली. यादी पंधरा दिवसांपूर्वी केलेली. मधल्या काळात गावचा तुकाराम चांभार तापाने गेला होता आणि घाईत त्यांनी त्याचंही नाव वाचलं. वाचल्यावर जीभ चावली, पण तोवर मागून उत्तर आलं होतं. हजर. सगळ्यांनी ऐकलं. कोणी मागे वळलं नाही. मागे तुकारामाची बायको बसली होती, नवऱ्याच्या वाटणीचं म्हणून हुलग्याच्या शेंगोळ्यांचं गाडगं घेऊन. नंतर तिला विचारलं तर ती म्हणाली, "मी नाही बोलले. माझा आवाज तुम्ही ओळखत नाही व्हय?"

मास्तरांनी त्यावरून एक रीत घातली आणि रूथमावशींनी ती दिल्लीला आणली. आधी सरकारी क्वार्टर्सच्या हिरवळीवर, मग आमच्या गच्चीवर. वर्षभरात जो गेला त्याचं नाव पुढच्या सव्वीस जानेवारीला वाचायचं. एकदाच. जिवंत माणसाने त्याचा पदार्थ करून आणायचा आणि त्याच्या नावाला लगेच हजर म्हणायचं. पदार्थ सगळ्यांनी खायचा आणि झेंडा उतरायच्या आत नाव खोडायचं. मी विचारलं, लगेच का? त्या म्हणाल्या, "वडील म्हणायचे, जिवंत माणसाने उत्तर द्यावं, म्हणजे गेलेल्याला द्यावं लागत नाही."

मी हसले होते. मी हसते हे त्यांना माहीत होतं, तरी हजेरीची वही त्यांनी माझ्याकडेच दिली, कारण त्यांच्या मते अख्ख्या ब्लॉकात माझंच अक्षर लागत होतं. पहिल्याच वर्षी मी यादी कॉम्प्युटरवर उतरवली आणि उतरवताना बापटकाकांचं नाव काढून टाकलं. ते दिवाळीत गेले होते. गेलेला माणूस यादीत कशाला, असा माझा साधा हिशोब. गच्चीवर मी वाचून संपवलं तेव्हा रूथमावशी उठल्या. "तुझा कॉम्प्युटर हुशार आहे गं, पण माणसांना फार घाईने मारतो." मग त्यांनी स्वतःच नाव घेतलं, आणि बापटकाकू पदर सावरत म्हणाल्या, "हजर. श्रीखंड. गोड कमी आहे, त्यांना तसंच आवडायचं." त्या दिवशी ते श्रीखंड खाताना मी पहिल्यांदा हसले नाही. यादी पुन्हा वहीत गेली.

आमची शेवटची भेट त्या जायच्या चार दिवस आधीची. त्या बाल्कनीत उन्हाला बसल्या होत्या. मला घाई होती, ईराला क्लासहून आणायचं होतं. त्यांनी खुर्चीखालचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला, झाकणाला रबर लावलेला. "हे ने. आणि ऐक, यंदा माझी हजेरी तू लाव." मी म्हटलं, "मावशी, दरवर्षी मीच तर लावते." त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं." त्यांच्याकडून आमचे डबे नेहमीच परत यायचे, त्यातलाच एक असेल असं मला वाटलं. डबा जड लागला, पण मी उघडला नाही. घरी येऊन फ्रिजवर ठेवला आणि वहीत लिहिलं : रूथमावशींचा डबा, कोणाचा ते विचारणे.

जानेवारीत कामं वाटून दिली. रूथमावशींचा पदार्थ शेंगोळेच. तुकारामाच्या बायकोचे, मग मास्तरांच्या घरचे, मग त्यांचे. मी बापटकाकूंच्या नावापुढे शेंगोळे लिहिले. काकूंना वाटलं, हुलग्याचं पीठ शेखकाका सोलापूरहून आणणार. शेखकाकांना वाटलं, पदार्थ मी करणार, कारण मावशींनी त्यांना सांगितलं होतं की तिला, म्हणजे मला, दिलंय. काय दिलंय ते त्यांनी विचारलं नव्हतं. तीन समजूतदार माणसं, आणि कोणीच काही केलं नाही. मी दोनदा फोन करून खात्री करायला हवी होती. एरवी करते.

तर ती सकाळ. इतकं धुकं होतं की गच्चीवरून समोरचा ए ब्लॉक दिसत नव्हता, नुसते आवाज येत होते. घराघरांत परेडचं प्रक्षेपण चालू, आणि प्रत्येक टीव्हीवर तेच निवेदन अर्ध्या क्षणाच्या अंतराने, त्यामुळे एकच माणूस धुक्यात स्वतःच्याच मागे मागे बोलत चाललाय असं वाटत होतं. मी वही उघडली. पेनाचं टोपण दातात धरायची मला सवय आहे, तसं धरलं. एकेक नाव वाचलं. टोपण असलं की माझं बोलणं चावल्यासारखं येतं. ईरा नेहमी नक्कल करते, तशी तिने तेव्हाही केली, सगळे हसले. सातवं नाव झालं. मी बापटकाकूंच्या पिशवीकडे पाहिलं, त्यांनी शेखकाकांकडे, शेखकाकांनी माझ्याकडे. तोवर माझ्या तोंडून नाव वाचून झालं होतं.

त्याच क्षणी सगळे टीव्ही गप्प झाले. हुतात्म्यांना मानवंदना देताना तिकडे शांतता पाळतात, तीच वेळ. यात काहीही विचित्र नाही. पण इतकी शांतता मी दिल्लीत कधी ऐकलेली नाही. कोणीच बोलेना… मी मोजत नव्हते, पण ते फार लांबलं. आणि मग, पाण्याच्या टाकीकडून, स्वच्छ आवाजात, "हजर."

माझ्या हाताने खूण केली. वीस वर्षांची सवय. उत्तर आलं की हात चालतो.

बापटकाकूंनी डोळे मिटले. शेखकाका पुटपुटत काहीतरी म्हणाले. मी टाकीच्या मागे जाऊन पाहिलं. तिथे एक फुटकी कुंडी होती. परत आले तर ईरा माझ्याकडे बघत होती. "आई, यार, तू घाबरवलंस ना."

"मी? मी कुठे बोलले?"

"तूच बोललीस. तुझाच आवाज होता. बिल्कुल तुझा."

अनिललाही तसंच वाटलं होतं. साळवींनाही. मी दातातलं टोपण काढून त्यांना दाखवलं. त्याच्यावर माझे दात उमटले होते. मग सगळे जेवायला बसले, आणि परेड संपता संपता धुक्याच्या वरून विमानं गेली, दिसली नाहीत, फक्त प्लेटा थरथरल्या.

खाली आल्यावर मी फ्रिजवरचा डबा उघडला. काठोकाठ हुलग्याचं पीठ. वर एक चिठ्ठी : लसूण, जिरे, हिरवी मिरची, पीठ घट्ट मळ, पाणी खळखळ उकळल्यावर सोड, घाई करू नकोस. चिठ्ठीखाली पिठात एक खळगा होता, मूठभर पीठ काढल्यासारखा, चार बोटांच्या रेषा स्पष्ट. देण्याआधी चाखून बघायला त्यांनीच काढलं असेल. रबर तर जसं होतं तसंच होतं. ईरा शेजारी येऊन उभी राहिली. तिला हुलगे म्हणजे काय माहीत नव्हतं, शेंगोळे हा शब्दही तिने पहिल्यांदा ऐकला, पण मावशींचं वाक्य सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "अगं, आमच्या कॉलेजात माझी हजेरी लाव म्हणजे प्रॉक्सी. म्हणजे माझ्या नावाला तू बोल. एवढं सिंपल होतं." एवढं सोपं होतं. वही माझ्या हातात, म्हणून मला त्याचा एकच अर्थ माहीत होता.

झेंडा उतरेपर्यंत अजून वेळ होता. मी लसूण सोलला, मिरच्या धुतल्या, पाणी ठेवलं. पाणी उकळलं, आटलं, पुन्हा ठेवलं. त्या खळग्यात हात घालणं मला जमलं नाही. साडेपाचला चौकीदाराने झेंडा उतरवला, तो मी खिडकीतून पाहिला.

आता फेब्रुवारी संपत आलाय. त्यांचा फ्लॅट पुतण्याने रिकामा केला, मी यादी करून सामान वाटलं, पुरुषी कोट शेखकाकांना बरोबर बसला. बारापैकी बाराही कामं झाली, नंतरची एकोणीसही. वहीत जानेवारीच्या पानावर त्यांचं नाव मात्र तसंच आहे, पुढे खूण. हजर असलेल्या माणसाचं नाव खोडायचं कसं, आणि न खोडलेलं नाव पुढच्या वर्षी वाचायचं की नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. एकदाच, एवढंच म्हणाल्या होत्या. पीठ उन्हाळ्यात टिकायचं नाही. डबा फ्रिजवर आहे, आणि दर रविवारी नव्या यादीत मी सगळ्यात वर तेच एक काम पुन्हा उतरवते : शेंगोळे.